बेटराष्ट्रांना केवळ लाभार्थी समजू नका : भारताच्या हवामान वाटाघाटी पथकास खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदांत भारताच्या वतीने वाटाघाटी करणारे अधिकारी व सल्लागार,
पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : लहान बेटराष्ट्रांच्या आघाडीशी भारताने नियमित वाटाघाटीपूर्व चर्चा सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

२४ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे अझरबैजानमधील बाकू येथील हवामान परिषदेत अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचा निर्णय मंजूर झाल्याचे जाहीर केले. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना त्याआधी बोलायचे होते, ती संधी त्यांना मिळाली नाही, आणि नंतर बोलताना त्यांनी त्या दस्तऐवजाला दृष्टिभ्रम म्हटले. काही तासांपूर्वी लहान बेटराष्ट्रांच्या आघाडीचे अध्यक्ष, सामोआचे मंत्री सेड्रिक शुस्टर, अत्यल्प विकसित देशांच्या प्रतिनिधींसह एका बैठकीतून उठून बाहेर पडले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १३ डिसेंबर २०२३ रोजी, दुबईत याच आघाडीच्या मुख्य वाटाघाटीकार ॲन रासमुसेन सभागृहात पोहोचण्यापूर्वीच हातोडा पडला होता; आत आल्यावर त्यांनी, आम्ही खोलीत नसताना निर्णय झालेला दिसतो, असे शांतपणे सांगितले आणि सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. निर्णय अर्थातच बदलला नाही. बाकूमध्ये भारताचा निषेध आणि बेटांचा बहिष्कार एकाच आकड्यावर होता, पण दोहोंची मिळून एक मागणी कधी झाली नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे.

आपल्या परराष्ट्र व्यवहारात बेटराष्ट्रांना मदतीचे लाभार्थी म्हणून मानाची जागा आहे. वाटाघाटींत मुरलेला, कायद्याचा बारकावा जाणणारा आणि वीस-वीस वर्षे एकच मुद्दा धरून बसणारा पक्ष म्हणून मात्र त्यांची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही, असे माझे मत आहे. त्यांचे वजन सहानुभूतीतून येते, हा समज आपल्या वृत्तपत्रांनीही पोसला आहे. मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी १७ ऑक्टोबर २००९ रोजी समुद्राच्या तळाशी मंत्रिमंडळाची बैठक घेतली, तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी २०२१ मध्ये गुडघाभर पाण्यात उभे राहून भाषण केले. ती छायाचित्रे जगभर गेली. पण छायाचित्रांनी करारातले कलम बदलत नाही. कलमे बदलली ती कागदपत्रांनी, आणि त्या कागदपत्रांचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

१९८७ च्या एप्रिलमध्ये प्रचंड लाटांनी माले शहराचा मोठा भाग पाण्याखाली नेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गय्यूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत समुद्रपातळीचा प्रश्न मांडला, नोव्हेंबर १९८९ मध्ये मालेत लहान राष्ट्रांची परिषद भरली, आणि १९९० मध्ये जिनिव्हातील दुसऱ्या जागतिक हवामान परिषदेच्या वेळी बेटराष्ट्रांची आघाडी उभी राहिली. आज तिचे ३९ सदस्य आहेत. तिला घटना नाही, कायमचे सचिवालय नाही, स्वतःचा अर्थसंकल्प नाही. ज्या देशाकडे अध्यक्षपद असेल त्याच्या न्यूयॉर्कमधील कार्यालयातूनच तिचा कारभार चालतो. मनुष्यबळाची उणीव तिने उसनवारीने भरून काढली. पहिले अध्यक्ष रॉबर्ट व्हॅन लियरॉप हे व्हानुआटूचे राजदूत होते आणि जन्माने अमेरिकन वकील होते. तुवालूची बाजू जवळपास दोन दशके मांडणारे इयन फ्राय ऑस्ट्रेलियन होते. लंडनच्या कायदेतज्ज्ञांनी मसुदे लिहून दिले, पुढे बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी आकडेमोड करून दिली. यावर परकीयांच्या ओंजळीने पाणी पिण्याचा आरोप होतो. मला तो पटत नाही, कारण वकील कोणाचाही असला तरी पक्षकार कोण आणि त्याची सूचना काय, हे ठरवणारे लोक मालेत, सामोआच्या अपियात आणि व्हानुआटूच्या पोर्ट व्हिलातच होते.

या आघाडीचे पहिले मोठे काम म्हणजे औद्योगिक देशांवर उत्सर्जनकपातीचे बंधन घालणाऱ्या १९९७ च्या क्योटो कराराची पायाभरणी. सप्टेंबर १९९४ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगोने आघाडीच्या वतीने एक पूर्ण मसुदा सादर केला, ज्यात औद्योगिक देशांनी २००५ पर्यंत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी कमी करावे अशी मागणी होती. ती पूर्ण झाली नाही, परंतु पुढची तीन वर्षे सगळ्यांना त्या कागदाच्या बाजूने वा विरुद्ध बोलावे लागले. पहिला मसुदा ज्याचा, चर्चेची चौकट त्याची, हे बेटांनी तेव्हाच हेरले.

जागतिक तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसच्या आत रोखण्याच्या मागणीची कथा त्याहून अधिक शिकवणारी आहे. तिचा क्रम मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण २०१५ मध्ये पॅरिसला युरोपीयांनी भावनेच्या भरात हा आकडा घुसवला अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. कोपनहेगनमध्ये २००९ साली शंभराहून अधिक देश दीड अंशाच्या मागे उभे होते, तरी मोठ्या देशांनी बंद खोलीत तयार केलेल्या समझोत्यात दोन अंशच राहिले. बेटांच्या हाती लागले ते शेवटच्या परिच्छेदातले एक वाक्य, की २०१५ पर्यंत होणाऱ्या आढाव्यात दीड अंशाचा विचार व्हावा. पुढच्या वर्षी कानकूनमध्ये त्यांनी त्या वाक्याचे औपचारिक आढावा प्रक्रियेत रूपांतर करून घेतले. २०१३ ते २०१५ या काळात शास्त्रज्ञ आणि वाटाघाटीकार समोरासमोर बसले. या बैठका इतक्या रुक्ष होत्या की पत्रकार तिकडे फारसे फिरकले नाहीत. २०१५ च्या मध्याला निघालेल्या अहवालात असे नोंदवले गेले की दोन अंश ही सुरक्षित मर्यादा मानता येत नाही आणि ती शक्य तितकी खाली आणणे श्रेयस्कर आहे. पॅरिसमध्ये जमलेल्या मंत्र्यांसमोर हा अहवाल अधिकृत कागद म्हणून आधीच पडलेला होता.

मग टोनी डेब्रम पुढे आले. मार्शल बेटांचे हे परराष्ट्रमंत्री लहानपणी आजोबांबरोबर मासेमारीला गेलेले असताना १९५४ च्या बिकिनी येथील हायड्रोजन बॉम्बचाचणीचा लोळ त्यांनी स्वतः पाहिला होता. भारताने त्यांना ओळखायला हवे होते, कारण त्यांच्याच पुढाकाराने मार्शल बेटांनी २०१४ मध्ये अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे लावले आणि त्यांपैकी एकात प्रतिवादी भारत होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो निकाली निघाला. पॅरिसमध्ये डेब्रम यांनी काही महिने गुपचूप बांधलेली ‘उच्च महत्त्वाकांक्षा आघाडी’ अखेरच्या आठवड्यात उघड केली. युरोपीय संघ, आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिकमधील देश, मग अमेरिका आणि शेवटी ब्राझीलही तीत आला. नारळाच्या पातीची छोटी पदके छातीवर लावून ही मंडळी समारोपाच्या सत्रात एकत्र चालत गेली. भारत त्यांत नव्हता. करारातील दुसऱ्या कलमात दीड अंश आले, आणि त्याबरोबरच हवामानविषयक आंतरसरकारी शास्त्रीय मंडळाला विशेष अहवालाचे निमंत्रण गेले, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वाक्यापासून कलमापर्यंतचा हा प्रवास सहा वर्षांचा होता, आणि त्यातील पाच वर्षे टाळ्यांविना गेली.

या यशाची किंमत मोठी होती. हानी व नुकसानीसाठी, म्हणजे हवामान बदलामुळे आधीच होत असलेल्या हानीसाठी, करारात आठवे कलम आले खरे, पण सोबतच्या निर्णयातील ५१ व्या परिच्छेदाने, या कलमातून दायित्व वा भरपाई उद्भवत नाही, असे स्पष्ट लिहून घेतले गेले. बेटांनी ते गिळले. मात्र येथे त्यांची दूरदृष्टी पाहण्यासारखी आहे. १९९२ च्या मूळ हवामान करारावर सह्या करताना किरिबाटी, नाउरू, तुवालू आणि फिजी यांनी लेखी निवेदन जोडले होते की या सहीचा अर्थ हवामान बदलाच्या परिणामांबाबत राष्ट्रांच्या जबाबदारीविषयीचे आंतरराष्ट्रीय कायद्यातील हक्क सोडले असा होत नाही. पॅरिस करारानंतर अशी निवेदने पुन्हा जोडली गेली. एका दारावर कुलूप लागत असताना दुसऱ्या दाराची किल्ली त्यांनी तेवीस वर्षांपासून खिशात ठेवली होती.

ते दार, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याचा मार्ग, उघडण्याचा पलाऊ या पॅसिफिकमधील बेटराष्ट्राने २०११ मध्ये केलेला प्रयत्न फसला. २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या पोर्ट व्हिला परिसरातील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी तो पुन्हा हाती घेतला आणि व्हानुआटू सरकारला पटवले. २९ मार्च २०२३ रोजी आमसभेने १३२ देशांच्या सहपुरस्काराने आणि विनामतदान ठराव संमत करून आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागारी मत मागितले. दरम्यान अँटिगा व बार्बुडा आणि तुवालू यांनी २०२१ मध्ये स्थापन केलेल्या आयोगाने समुद्रकायद्याच्या न्यायाधिकरणाकडे धाव घेतली होती. २१ मे २०२४ रोजी न्यायाधिकरणाने हरितगृह वायूंचे उत्सर्जन हे सागरी प्रदूषणच होय असे एकमताने सांगितले. हेगमधील सुनावणीत ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या.

त्या सुनावणीत, डिसेंबर २०२४ मध्ये, भारतानेही आपली बाजू मांडली. हवामान करारांत जे ठरले आहे त्यापलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत, ही आपली भूमिका होती आणि त्या बाकावर आपल्याजवळ अमेरिका व सौदी अरेबिया बसले होते. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद एकमताने अमान्य केला, पीठावर न्या. दलवीर भंडारीही होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. करारांबाहेरील रूढ आंतरराष्ट्रीय कायदाही लागू होतो, दीड अंश हे मान्य झालेले मुख्य उद्दिष्ट आहे, जीवाश्म इंधनांचे उत्पादन, परवाने व अनुदाने यांबाबतची हयगय बेकायदा कृत्य ठरू शकते, आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास पूर्ण भरपाईही देय होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. परंतु त्याच मतात समान पण विभेदित जबाबदारीचे, म्हणजे जबाबदारी सर्वांची पण प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळी, हे तत्त्व करारांचा अर्थ लावताना मार्गदर्शक मानले गेले आहे, ज्यासाठी भारत १९९२ पासून भांडत आला आहे. म्हणजे या मतात आपल्या कामाचेही बरेच आहे. ते वापरण्याची तयारी मात्र मला अद्याप दिसलेली नाही.

आपल्या अडचणी मी नाकारत नाही. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि दीड अंशाची मर्यादा जितकी कडक, तितका उरलेला कार्बनसाठा, म्हणजे जगाला अजून करता येणारे उत्सर्जन, लहान, हे गणित खरे आहे. त्या साठ्याचा मोठा हिस्सा आधीच संपवणारे देश बेटांच्या खांद्यावर हात ठेवून आपल्याला उपदेश करतात, हे संतापजनकही आहे. पण एकूण उत्सर्जनात आपला देश जगात तिसरा आहे, हे तुवालूच्या राजधानीत, फुनाफुटीत बसलेल्या माणसाला दरडोईच्या भागाकाराने पुसता येत नाही. कोपनहेगनमध्ये तुवालूने मोठ्या विकसनशील देशांनाही बांधणाऱ्या नव्या कराराची चर्चा मागितली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत चीन व सौदी अरेबियाबरोबर आपण होतो. २०११ मध्ये डर्बनला बेटे आणि अत्यल्प विकसित देश युरोपच्या बाजूला गेले आणि आपल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन एकाकी पडल्या. शेवटची तडजोड सभागृहाच्या मधोमध उभ्याउभ्या झाली. ही बेटे विकसनशील देशांच्या जी-७७ या आपल्याच गटातली आहेत, तरी ती युरोपकडे का गेली, याचा विचार त्या वेळी झाला असता तर पुढचे ग्लासगो टळले असते, असे मला वाटते.

ग्लासगोत २ नोव्हेंबर २०२१ रोजी भारताने बेटराष्ट्रांच्या पायाभूत सुविधा आपत्तींत टिकाव्यात यासाठीचा उपक्रम पंतप्रधानांच्या हस्ते सुरू केला. उपक्रम चांगला होता. १३ नोव्हेंबरला, समारोपाच्या सत्रात, कोळशाचा वापर बंद करण्याऐवजी कमी करण्याची दुरुस्ती आपले पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी वाचून दाखवली. ही शब्दयोजना तीन दिवसांपूर्वीच्या अमेरिका-चीन निवेदनात होती आणि चीनलाही ती हवी होती, पण वाचली आपण, आणि दोष आपल्या माथी आला. मार्शल बेटांच्या टीना स्टेगे यांनी दुःख व्यक्त केले, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ दाटून आला. अकरा दिवसांपूर्वी ज्यांना मदत देऊ केली, त्यांना या दुरुस्तीची कल्पना आधी दिली असती, तर निदान ती सौदा म्हणून मांडता आली असती.

बेटांचे सामर्थ्य मी फुगवून सांगू इच्छित नाही. या परिषदांतील मतदानाचे नियम आजवर संमत झालेले नाहीत. निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणून लहानात लहान देशाला अडवता येते, पण तेच हत्यार तेलसंपन्न देशांच्याही हाती आहे. व्हानुआटूने १९९१ मध्ये विमानिधीची कल्पना मांडली आणि हानी व नुकसान निधी स्थापन करण्याचे ठरले ते २०२२ मध्ये, शर्म अल शेखला. २०१७ च्या मारिया वादळात एकट्या डॉमिनिकाचे नुकसान तिच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होते. अशा आपत्तींसमोर निधीतील रकमा तुटपुंज्या आहेत. आघाडीतले सगळेच धुतल्या तांदळासारखे नाहीत. गयाना तेल काढतो, त्रिनिदाद व पापुआ न्यू गिनी वायू विकतात, सिंगापूर तेलशुद्धीकरणाचे मोठे केंद्र आहे, आणि खोल समुद्रातील खाणकामाची घाई नाउरूनेच २०२१ मध्ये लावली. जहाजांच्या उत्सर्जनावर प्रतिटन १०० डॉलरचा आकार मार्शल व सॉलोमन बेटांनी २०२१ मध्ये सुचवला. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत त्याची पातळ आवृत्ती मतास आली, तेव्हा भारताने बाजूने मत दिले आणि पॅसिफिकची बेटे असमाधानी होऊन तटस्थ राहिली. ऑक्टोबरात तीही वर्षभर लांबणीवर पडली.

दुसरीकडे पैशाच्या व्यवहारातील त्यांच्या कल्पना आपल्याला थेट उपयोगी आहेत. ग्रेनाडाने कर्जरोख्यांत वादळ आल्यास हप्ते थांबवण्याची अट घालून घेतली होती आणि २०२४ च्या बेरिल वादळानंतर ती प्रत्यक्ष वापरली. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी २०२२ पासून जागतिक बँक व नाणेनिधीच्या सुधारणांचा जो आराखडा मांडला, त्यातील कितीतरी मुद्दे भारताने जी-२० च्या अध्यक्षपदाच्या काळात वेगळ्या शब्दांत मांडले होते.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. पुढील परिषद तुर्कस्तानात अंताल्याला होणार असून तिची पूर्वबैठक पॅसिफिकमध्ये आहे. तेथे औपचारिक हजेरीवर न थांबता बेटांच्या आघाडीशी स्वतंत्र, विषयवार बैठक ठरवावी आणि ती दरवर्षीची प्रथा करावी. बाकूमध्ये बेटांनी स्वतःसाठी वर्षाला किमान ३९ अब्ज डॉलरची हमी मागितली होती आणि ती टिकली नाही. आपली लढाई एकूण रकमेची आहे, त्यांची किमान हिश्शाची. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत, तेव्हा त्यांच्या हिश्शाला पाठिंबा देऊन एकूण रकमेसाठी त्यांची साथ घ्यावी. हातोडा पडण्यापूर्वी कोणत्या देशाने बोलण्यासाठी फलक उभा केला आहे हे अध्यक्षांनी पाहिलेच पाहिजे, असा कार्यपद्धतीचा ठराव भारत आणि सामोआ या दोन दुखावलेल्या देशांनी मिळून आणावा. त्याला विरोध करणे कोणालाही अवघड जाईल. एका विषयावरील अधिकारी निदान दोन-तीन परिषदा तरी त्याच विषयावर ठेवावा, कारण समोर वीस वर्षांच्या स्मरणशक्तीची माणसे बसतात आणि आपल्याकडे बदलीचा आदेश कधीही येतो.

आपली ओळख मॉरिशस, फिजी आणि मालदीवपाशी थांबते, हेही बदलावे लागेल. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या नांदत आहेत आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. असा जिव्हाळा पलाऊ किंवा सामोआशी नाही, म्हणून तेथे वाटाघाटींतूनच संबंध घडवावे लागतील. संयुक्त राष्ट्रांतील जवळपास पाचवा हिस्सा मते या आघाडीकडे आहेत, आणि सुरक्षा परिषदेतील कायम जागेची आकांक्षा धरणाऱ्या देशाला हे वेगळे सांगायला नको.

हेगच्या मताविषयीही सरकारने मौन न धरता, कोणता भाग मान्य आहे, कोणता नाही आणि विभेदित जबाबदारीविषयीचा भाग आपण पुढे कसा वापरणार आहोत, याचे लेखी टिपण संसदेपुढे ठेवावे. बेटांशी बैठका झाल्या की नाही, झाल्या तर काय ठरले, याचा उल्लेख मंत्रालयाच्या पुढील वार्षिक अहवालात असावा, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी